प्रलयानंतरची पहिली घागर : किशोरांसाठी तगून राहण्याची कादंबरी लिहिताना

काही वर्षांपूर्वी बेळगावच्या पश्चिमेकडील एका गावच्या शाळेत मी माझ्या अपुऱ्या कादंबरीची तीन प्रकरणे वाचून दाखवली. वीज कायमची गेली आहे, शहरे ओस पडली आहेत आणि चार मुले जांबोटीच्या रानात दोन वर्षे राहत आहेत, असे तिचे कथानक होते. वाचन संपल्यावर नववीतील एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, दोन वर्षं त्यांनी मीठ कुठनं आणलं?" मला उत्तर सुचले नाही. गंजलेल्या मोटारी, कोसळलेले पूल आणि तांबडे आकाश यांच्या वर्णनात मी पानेच्या पाने खर्ची घातली होती. बेळगावच्या पठारावर मीठ तयार होत नाही, ते घाटाखालून वर यावे लागते, एवढी साधी गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली नव्हती. ते हस्तलिखित मी बाजूला ठेवले आणि मिठापासून पुन्हा सुरुवात केली.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांत राहून बारा ते सोळा वर्षांच्या वाचकांसाठी अशी कादंबरी पहिल्यांदाच लिहू पाहणाऱ्यांकरिता हा लेख आहे. यातील पायऱ्यांचा क्रम मुद्दाम असा लावला आहे की पात्रे उशिरा येतात. मुरलेला लेखक उलट क्रमानेही लिहील. नवख्याने तसे करू नये, कारण पात्रे आधी सुचली की त्यांना जगवण्यासाठी लेखक लबाडी करू लागतो, आणि चौदा वर्षांचा वाचक ती लबाडी पहिल्या पन्नास पानांतच पकडतो.

पहिली पायरी : सगळे जग बुडवू नका, एकच गोष्ट काढून घ्या

भूकंप, महामारी, युद्ध आणि दुष्काळ हे सगळे एकाच कादंबरीत आणण्याचा मोह नवख्याला हमखास होतो. त्यातून गोंधळ निर्माण होतो, भीती निर्माण होत नाही. त्याऐवजी रोजच्या जगण्यातली एकच गोष्ट काढून घ्यावी आणि तिच्यामागून काय काय कोसळत जाते ते सावकाश पाहावे. वीज काढली तर एक पुस्तक होते, रस्ता काढला तर दुसरे होते, आणि मोठी माणसे काढली तर तिसरेच होते.

विजेचे उदाहरण घेऊ, कारण नवे लेखक बहुधा तेच निवडतात. वीज जाण्याचे कारण पात्रांना कळले नाही तरी चालते. लेखकाला ते माहीत असलेच पाहिजे. 1859 मध्ये सूर्यावरून आलेल्या प्रचंड वादळाने तारायंत्रांतून ठिणग्या उडाल्या होत्या, आणि 1989 च्या मार्च महिन्यात तशाच पण लहान वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांत सुमारे नऊ तास अंधारात राहिला होता. आपल्याकडे 30 आणि 31 जुलै 2012 रोजी उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारताच्या वीजजाळ्या कोसळल्या आणि सुमारे 60 कोटी लोकवस्तीच्या प्रदेशावर त्याचा परिणाम झाला. कर्नाटकात दिवे चालू राहिले, कारण दक्षिणेची जाळी तेव्हा देशाच्या उरलेल्या जाळीशी एकलयीत जोडलेली नव्हती. ती जोडणी 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर ते सोलापूर या वाहिनीने झाली. म्हणजे त्या दिवसापर्यंत बेळगाव दक्षिणेच्या जाळीवर होते आणि शेजारचे, महाराष्ट्रातले चंदगड पश्चिमेच्या जाळीवर. सीमाभागातल्या लेखकाला यात आयती कथा सापडते: 2013 पूर्वीचा काळ घेतला तर सीमेवरच्या शिनोळीच्या अलीकडे दिवे आणि पलीकडे काळोख, किंवा त्याच्या उलट, असे दृश्य शास्त्राला धरून लिहिता येते. आजचा काळ घेतला तर ते तितके सोपे नाही, दोन्हीकडे एकदमच अंधार होण्याची शक्यता अधिक.

(वीज कायमची घालवणाऱ्याने एक ध्यानात ठेवावे. कारवारजवळ कैगा येथे प्रत्येकी 220 मेगावॅटच्या चार अणुभट्ट्या आहेत. अणुभट्टी बंद झाली तरी तिच्यातली उष्णता लगेच संपत नाही आणि ती थंड ठेवावी लागते. याविषयी एखादा तरी हुशार वाचक विचारणारच. तेव्हा उत्तर तयार असावे, मग ते पुस्तकात येवो अथवा न येवो.)

रोगाची कथा लिहायची असेल तर कल्पनेपेक्षा आठवणींकडे वळावे. 1896 मध्ये मुंबईत सुरू झालेला प्लेग पुढे या इलाख्यात पसरला, तेव्हा लोक गाव मोकळे करून शेतात आणि माळावर झोपड्या घालून राहत असत. 1918 च्या साथीला जुनी माणसे मानमोडी म्हणत. ते पाहिलेले कोणी आता उरलेले नाही, पण घराघरांत त्याच्या सांगोवांगीच्या गोष्टी आहेत, आणि त्यांत परदेशी चित्रपटांत न सापडणारे तपशील असतात: घर सोडताना दाराला कुलूप लावायचे की नाही, गोठ्यातले जनावर कोणी सोडायचे, आजारी माणसाजवळ मागे कोणी राहायचे. 2020 मध्ये महाराष्ट्राच्या सीमेवर कोगनोळीच्या नाक्यावर अडलेली वाहने तर तुमच्या वाचकांच्या पालकांनीही पाहिलेली आहेत. महापुराची कथा असेल तर 2019 चा ऑगस्ट आठवावा. निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचे पाणी महामार्गावर आले आणि पुणे-बंगळूर वाहतूक थांबली. रस्ता नाहीसा होणे म्हणजे काय, हे त्या आठवड्यात दुधाच्या पिशवीपासून कळू लागले होते.

दुसरी पायरी : काळाचे कोष्टक मांडा

एका मोठ्या कागदावर तास, दिवस, आठवडे, महिने आणि वर्षे असे रकाने आखावेत आणि काय केव्हा संपते ते लिहावे. वीज गेल्यावर मोबाइलचे मनोरे बॅटरीवर काही तास चालतात आणि डिझेल मिळेल तोवर तग धरतात. बेळगाव शहराचे पाणी राकसकोप आणि हिडकल येथील जलाशयांतून पंपांनी येते, त्यामुळे गच्चीवरच्या टाक्या काही दिवसांत कोरड्या पडतात. घरगुती गॅसचा 14.2 किलोचा सिलिंडर जपून वापरला तर महिना दीड महिना पुरतो. पेट्रोल काही महिन्यांनी खराब होऊ लागते. म्हणून तिसऱ्या वर्षी नायक मोटारसायकलवरून सुसाट निघाला, असे लिहू नये. इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या काही वर्षांत निकामी होतात, छपरावरची सौर तावदाने मात्र वीस वर्षांनंतरही बऱ्यापैकी वीज देतात, फक्त ती साठवायची कशात हा प्रश्न उरतो.

या कोष्टकातूनच कथानक उगवते. एक उदाहरण सांगतो. इन्सुलिनची कुपी शीतपेटीबाहेर साधारण चार आठवडे टिकते, तीही फार उष्णता नसेल तर. तुमच्या चार मुलांपैकी एकाला लहानपणापासून मधुमेह असेल तर पुस्तकाला आपोआप एक घड्याळ लागते. आता इथे आपला प्रदेश मदतीला येतो: खानापूरची माती आणि तिथली कुंभारकी प्रसिद्ध आहे. मोठ्या मातीच्या भांड्यात छोटे भांडे ठेवून मधल्या जागेत ओली वाळू भरली की बाष्पीभवनाने आतले भांडे थंड राहते, आणि कुपी अधिक काळ टिकते. एप्रिलमध्ये ही युक्ती उत्तम चालते. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की हवाच इतकी दमट होते की वाळूतले पाणी उडत नाही आणि भांडे थंड होत नाही. ज्या उपायाने दोन महिने जीव वाचवला तो पावसाच्या पहिल्या आठवड्यात निरुपयोगी व्हावा, यापेक्षा चांगले मध्यंतर मला तरी माहीत नाही. आणि त्यासाठी कोणत्याही खलनायकाची गरज पडत नाही.

प्रलय कोणत्या महिन्यात येतो, हेही याच कागदावर ठरवावे. खानापूरच्या रानात एप्रिल-मेमध्ये करवंदे, जांभळे, फणस, आंबे असतात आणि मुले आठ दिवस मजेत काढू शकतात. आषाढ-श्रावणात भात अजून शेतात उभे असते, गेल्या वर्षीचे धान्य सरत आलेले असते, रताळी जमिनीत भरायची असतात. जुन्या काळी उपासमारीचे महिने हेच होते. भाताची कापणी दिवाळीच्या आसपास. तेव्हा मेमध्ये सुरू झालेल्या कादंबरीत खरी कसोटी शंभराव्या पानाच्या पुढे येते, आणि नोव्हेंबरमध्ये सुरू झालेल्या कादंबरीत मुले भरल्या कणगीने सुरुवात करतात. दोन्ही चालेल, पण निवड जाणूनबुजून केलेली असावी.

तिसरी पायरी : नकाशावर बोट नव्हे, पाय ठेवा

ज्या वाटेने तुमची पात्रे जाणार ती वाट निदान काही अंतर स्वतः चालून पाहावी. बेळगावहून खानापूर सुमारे 26 किलोमीटर आहे. मोटारीतून ते पाऊण तासाचे वाटते. पाठीवर ओझे आणि सोबत सात वर्षांचे मूल असेल तर तासाला तीन किलोमीटरपेक्षा जास्त वेग पडत नाही, म्हणजे विश्रांती न धरताही हा प्रवास जवळजवळ नऊ तासांचा होतो. मग दुपारी थांबायचे कुठे, पाणी कुठे, रात्र पडली तर छप्पर कुठे, हे प्रश्न आपसूक पडतात आणि त्यांच्या उत्तरांतून प्रकरणे मिळतात.

बेळगाव जिल्ह्याचा एक मोठा फायदा असा की एकाच जिल्ह्यात दोन वेगळी जगे आहेत. कणकुंबीच्या बाजूला, जिथे मलप्रभा उगम पावते, वर्षाला हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो; अथणीकडे तो पाच-सहाशे मिलिमीटरच्या आसपास येऊन थांबतो. पश्चिमेकडे भात, नाचणी, रताळी. उत्तरेकडे ऊस, तंबाखू, ज्वारी. पाणी असलेल्या पण धान्य कमी असलेल्या भागातून धान्य असलेल्या पण पाणी नसलेल्या भागाकडे माणसे जातील की उलट जातील, एवढ्या एका प्रश्नावर एक कादंबरी उभी राहू शकते. गोकाकला सुमारे 170 फुटांवरून घटप्रभा कोसळते आणि तिच्या पाण्यावर एकोणिसाव्या शतकातच कापडाची गिरणी चालू झाली होती. पुन्हा चाक फिरवू पाहणाऱ्या मुलांना त्या जागेचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे.

विहिरींकडे विशेष लक्ष द्यावे. कूपनलिका सहा इंच रुंद आणि शेकडो फूट खोल असते. पंप बंद पडला की तिच्यात घागर सोडता येत नाही. म्हणून प्रलयानंतरची वस्ती जुन्या उघड्या विहिरीभोवतीच जमेल. टिळकवाडीत 1924 च्या काँग्रेस अधिवेशनासाठी, ज्याचे अध्यक्ष महात्मा गांधी होते, खोदलेली विहीर आजही आहे. शंभर वर्षांपूर्वी हजारो पाहुण्यांची तहान भागवण्यासाठी काढलेली विहीर पुन्हा शहराचे केंद्र होते, ही कल्पना मी एकदा वापरली आहे; तरीही ज्याला हवी त्याने घ्यावी, कारण तिच्याभोवती अनेक गोष्टी मावतील.

चौथी पायरी : खतावणी

ही पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून बहुतेक जण ती गाळतात, आणि माझ्या मते पुस्तक फसते ते इथेच. दुकानदार ठेवतो तशी एक वही करावी. डाव्या पानावर मुलांजवळ काय आले, उजव्या पानावर काय गेले, आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी शिल्लक.

पाण्यापासून सुरुवात करावी. पिणे, स्वयंपाक आणि जेमतेम स्वच्छता यांसाठी माणशी दिवसाला 15 लिटर धरले तर पाच जणांना 75 लिटर लागतात. एक घागर 12 ते 15 लिटरची. म्हणजे रोज पाच-सहा खेपा. विहीर अर्धा किलोमीटर लांब असेल तर रोजची पाच-सहा किलोमीटरची चाल, त्यातली निम्मी डोक्यावर ओझे घेऊन. हा हिशेब एकदा केला की पात्रांच्या दिवसाला आकार येतो, भांडणे कशावरून होतील ते कळते, आणि पहिली घागर कोण भरणार हा प्रश्न पुढारी कोण होणार या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा ठरतो. पाणी गढूळ असेल तर तुरटी फिरवून निवळता येते, पण तुरटीने जंतू मरत नाहीत. त्यासाठी ते खळखळून उकळावे लागते, किंवा पारदर्शक प्लॅस्टिकच्या बाटलीत भरून कडक उन्हात सहा तास ठेवावे लागते. आभाळ भरलेले असेल तर दोन दिवस. पुन्हा पावसाळा आडवा आलाच.

मग धान्य. पाच माणसांना रोज दोन किलो तांदूळ धरला तर 50 किलोचे पोते पंचवीस दिवसांत संपते. इथे एक गोष्ट जवळून दाखवण्यासारखी आहे. माझ्या दुसऱ्या हस्तलिखितात मुलांना एका ओस वाड्यात भरलेली कणगी सापडते. आनंदाने नाचून झाल्यावर धाकटा मूठभर भात तोंडात टाकतो आणि थुंकतो, कारण तो भात आहे, तांदूळ नाही. वर तूस आहे. गावची गिरणी विजेवर चालणारी, म्हणजे बंद. माळ्यावर एक जुने मुसळ आहे, अंगणात फरशीखाली बुजवलेले उखळ आहे. मुले ते उकरून काढतात. पहिल्या दिवशी ती इतक्या जोराने कांडतात की तांदळाच्या कण्या होतात. दुसऱ्या दिवशी तळहाताला फोड येतात. तिसऱ्या दिवशी थोरलीला आठवते की आजी मुसळ आपटत नसे, ते स्वतःच्या वजनाने पडू देत असे आणि मधूनमधून दुसऱ्या हाताने भात आत सारत असे. मग सुपाने पाखडायचे, आणि पुन्हा कांडायचे. शंभर किलो भातातून पासष्टेक किलो तांदूळ निघतो, तेही हात सरावल्यावर. भरल्या कणगीशेजारी मुले उपाशी बसली आहेत, हे चित्र मला कोणत्याही कोसळलेल्या इमारतीपेक्षा भयानक वाटते, आणि ते लिहिण्यासाठी मी शेजारच्या आजींच्या अंगणात दोन तास मुसळ घेऊन उभा राहिलो होतो. आजी हसत होत्या. तुम्हीही कोणाच्या तरी अंगणात उभे राहा.

बियाण्यांचा हिशेबही खतावणीत हवा. संकरित बियाण्याच्या पिकातले दाणे पुढच्या वर्षी पेरले तर पीक एकसारखे येत नाही आणि उतारा घटतो. घरात जपलेले देशी वाण मात्र वर्षानुवर्षे चालते. म्हणून दुसऱ्या वर्षी ज्या म्हाताऱ्याच्या मडक्यात बेळगाव बासमतीचे जुने बी राखेत ठेवलेले आहे तो साखर कारखान्याच्या मालकापेक्षा श्रीमंत ठरेल. विस्तवाचेही तसेच: काडेपेट्या पावसात सादळतात, तेव्हा रात्री निखारा राखेखाली झाकून सकाळी फुंकून काढणे ही एका मुलाची कायमची जबाबदारी होऊन बसते.

आणि मीठ. माणशी रोज पाच ग्रॅम धरले तरी पाच जणांना वर्षाला नऊ किलोंच्या वर लागते, त्यात लोणची, खारवलेले मांस आणि जनावरे धरलेली नाहीत. पूर्वी लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर किनाऱ्यावरचे मीठ घाटावर आणत असत. बेळगावचा माल रामघाटाने वेंगुर्ल्याला जाई. प्रलयानंतर त्या वाटा पुन्हा जिवंत होतील असे मानायला पुरेसे कारण आहे.

पाचवी पायरी : आता मुले आणा

एवढे झाल्यावर पात्रे ठरवावीत. किशोर वाचक आपल्यापेक्षा वर्ष दोन वर्षांनी मोठ्या नायकामागे आनंदाने जातो, लहान नायकामागे नाखुशीने. म्हणून प्रमुख पात्र पंधरा-सोळा वर्षांचे असावे. प्रत्येक मुलाला एकच कसब द्यावे, आणि ते या भागातल्या मुलाला खरोखर असू शकेल असे असावे: कुंभाराच्या घरची मुलगी, उसाच्या गुऱ्हाळावर राबलेला मुलगा, निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत आईबरोबर गेलेला, कुस्तीच्या आखाड्यात वाढलेला. सगळे येणारा नायक कोणाला आवडत नाही.

मोठ्या माणसांचे काय करायचे हा या प्रकारातला जुना पेच आहे. सगळ्यांना मारून टाकणे सोपे असते आणि म्हणूनच संशयास्पद. आपल्या घरांत आजी-आजोबा, काका, आत्या, शेजारची अक्का एवढी माणसे असतात की ती सगळी एकदम नाहीशी झाली असे वाचकाला पटत नाही. मोठी माणसे असू द्यावीत, पण त्यांच्या हातून निर्णय निसटलेला असावा: आजी अंथरुणाला खिळलेली आहे पण तिला कांडण येते, बाबा पुण्याला कामावर होते आणि महामार्ग बंद आहे, काका आहेत, पण ते रोज सकाळी बंद मोबाइल हातात घेऊन गच्चीवर जातात. काकांसारखे पात्र मी पहिल्यांदा विनोदासाठी आणले होते. वाचून दाखवताना मुले हसली नाहीत.

भांडणाला भाषेचा रंग देण्याचा मोह टाळावा. 1956 पासून मोठ्यांचा जो सीमावाद चालू आहे तो मोठ्यांपाशीच राहू द्यावा. ओस पडलेल्या गावात मराठी घरची मुलगी आणि कन्नड घरचा मुलगा घागरीच्या पाळीवरून भांडतील, आणि त्याच दिवशी संध्याकाळी एका ताटात जेवतील. वास्तवही तेच आहे.

सहावी पायरी : कोणी कसे बोलायचे

निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद इथल्या बोलीत, ही विभागणी नवख्याला सोयीची पडते. बोलीचा अतिरेक केला तर पुण्या-नागपूरचा वाचक अडखळतो, आणि अजिबात नसेल तर बेळगावचा वाचक पुस्तक मिटतो. दोन मुलींचा एक साधा संवाद पाहा:

"कुठं जाऊलालीस गं?"
"पाण्याला की. येतीस?"
"येतो. खरं आजीला सांगून येतो, थांब."

यात तीन गोष्टी आहेत. पहिली, क्रियापदाचे रूप. दुसरी, 'पण' या अर्थी आलेला 'खरं'. तिसरी सगळ्यांत महत्त्वाची: मुलगी 'येतो' म्हणते आहे, 'येते' नव्हे. या भागात मुली आणि बायका सर्रास 'मी आलो', 'मी जातो' असे बोलतात. पुण्याकडच्या संपादकाला ती चूक वाटण्याचा संभव आहे, म्हणून हस्तलिखितासोबत एका ओळीचा खुलासा जोडावा. निवेदन करणारीच मुलगी असेल तर तिने प्रमाण भाषेत 'मी गेले' लिहावे आणि बोलताना 'मी गेलो' म्हणावे. हा फरक एखाद्या प्रसंगात तिच्याच तोंडून वाचकाला सांगता येतो.

दुसरी गोष्ट लिपीची. इथला मुलगा मराठी आणि कन्नड अशा दोन्ही लिप्या वाचतो. ओस पडलेल्या सरकारी गोदामावरची पाटी, बसवरचे गावाचे नाव, दवाखान्याच्या भिंतीवरची सूचना कन्नडमध्ये असेल, आणि घाटाखालून किंवा कोल्हापूरकडून आलेल्या टोळीतल्या एकालाही ती वाचता येणार नाही. शाळेत ज्या विषयाचा कंटाळा केला त्यामुळे एका पात्राचा जीव वाचतो, हा प्रसंग किशोर वाचकांना फार आवडतो. शिक्षकांनाही आवडतो, पण ते इथे गौण आहे.

भय किती दाखवावे, याविषयी थोडक्यात सांगतो. मृत्यू दाखवावा, त्याचे तपशील रंगवू नयेत. पहिला मृत्यू वाचकाला आवडू लागलेल्या माणसाचा असावा आणि त्यानंतरचे एक पूर्ण प्रकरण त्याच्या उरलेल्या कामांना द्यावे: त्याची खेप आता कोणी घालायची, त्याचा निखारा कोणी जपायचा. औषधांचे आणि प्रथमोपचाराचे तपशील एखाद्या डॉक्टरांना दाखवून घ्यावेत, कारण मुले पुस्तकातली कृती करून पाहतात.

सातवी पायरी : लिहायला बसणे आणि वाचून दाखवणे

पहिल्या प्रकरणात प्रलय दाखवू नये. रोजचा एक दिवस दाखवावा, ज्यात पुढे नाहीशी होणारी गोष्ट वाचकाच्या डोळ्यांसमोर तीन वेळा येऊन जाईल आणि एकदाही तिच्याकडे कोणाचे लक्ष जाणार नाही. माझ्या पहिल्या प्रकरणात आई भाजीत मीठ जास्त पडले म्हणून ती फेकून देते. प्रकरणे दीड-दोन हजार शब्दांची असावीत, कारण शाळेच्या एका तासात एक प्रकरण वाचून व्हायला हवे. पहिला खर्डा सलग लिहावा, मागे वळून दुरुस्त्या करू नयेत. फक्त खतावणी रोज भरावी. खतावणी आणि खर्डा यांच्यात तफावत आली तर खर्डा बदलावा, खतावणी नव्हे.

शेवट करताना जग पूर्ववत करू नये. दिवे लागले, गाड्या सुरू झाल्या, सगळे स्वप्न होते, असे काही केले तर दोनशे पाने सोबत चाललेल्या वाचकाचा तो विश्वासघात ठरतो. एखादी लहान गोष्ट परत यावी, ती मुलांनी स्वतः मिळवलेली असावी.

खर्डा झाल्यावर तो मुलांपुढे मोठ्याने वाचावा. शिक्षकांना बाहेर बसवावे, नाहीतर मुले खरे बोलत नाहीत. कोणत्या वाक्यावर ती खिडकीबाहेर पाहू लागली तिथे पेन्सिलीने खूण करावी, आणि त्यांनी विचारलेले प्रश्न त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवावेत. ती मिठाचा प्रश्न विचारणारी मुलगी आता कॉलेजात गेली आहे. गेल्या वर्षी त्याच शाळेत मी मिठाचे नवे प्रकरण वाचले. रेल्वेचे मला वेड असल्यामुळे त्यात मुले लोंढ्याहून कॅसल रॉकमार्गे लोहमार्गानेच गोव्याला उतरतात, मिठागरातून मीठ घेतात आणि दोन बैलांवर लादून रुळांवरूनच परत चढतात. मागच्या बाकावरचा एक मुलगा बराच वेळ छताकडे पाहत होता. मला वाटले, कंटाळला. मग तो म्हणाला, "सर, पुलावर दोन स्लीपरांच्या मधनं खालचं पाणी दिसतंय. बैलाचा पाय जातोय की तिथनं." मी खतावणी उघडली, बैलांच्या रकान्यासमोर फुली मारली आणि त्या रात्री सगळे प्रकरण चोर्ल्याच्या रस्त्याला वळवायला घेतले.